दादांची पेन्शन वाढत का नाही?

प्रश्न : आमचे दादा सांगलीकडच्या साखर कारखान्यातनं २०१२ ला रिटायर झाले, पेन्शन १,९०० रुपये, तेव्हापासून एक रुपया वाढला नाही, दर महिन्याला पासबुक छापून आणतात आणि चष्मा पुसून परत बघतात. असं का?

उत्तर : ही ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन, तिला महागाई भत्ता जोडलेलाच नाही, म्हणजे रिटायर होताना जो आकडा बसला तोच राहतो. हिशोब असा, पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, पण पगार कितीही असो, तेव्हा धरायचे जास्तीत जास्त ६,५००, सप्टेंबर २०१४ पासनं १५,०००. किमान पेन्शन तेव्हाच १,००० केली, त्यात बीपीच्या गोळ्या तरी येतात का! नुसतं किमान वाढवून भागणार नाही, माणसं आता जास्त जगतात, म्हणजे पेन्शनचा फंड जास्त वर्षं पुरायला हवा, त्यासाठी सरकार त्यात पगाराच्या १.१६ टक्के वाटा घालतं तो आधी वाढायला हवा.