पोस्टग्रेसमध्ये डबल कोट्सवरून एरर येतो, विचारायचं कोणाला?

तुमचा प्रश्न असा: मायएसक्यूएल या डेटाबेसवर वर्षभर चाललेली क्वेरी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणली, शहराच्या अटीत डबल कोट्समध्ये मुंबई लिहिलंय, तर ‘मुंबई नावाचा कॉलमच नाही’ असा एरर येतो. दुसरी एक क्वेरी हळू चालते. आणि फुकटच्या डेटाबेसमध्ये अडलं तर दाद मागायची कोणाकडे?

एरर बरोबर आहे. क्वेरी ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलच्या स्टँडर्डप्रमाणे सिंगल कोट्स मजकुराला, डबल कोट्स टेबल-कॉलमच्या नावांना. मायएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये डबल कोट्सही मजकूर म्हणून चालवून घेतं, म्हणून आजवर निभावलं. सिंगल कोट्स करा, सुटेल. जाता जाता, कॉलमची नावं स्मॉल लेटर्समध्येच ठेवा. कॅपिटल अक्षरं कोट्समध्ये देऊन नाव ठेवलंत की ते दर वेळी कोट्समध्येच लिहावं लागतं.

मला जास्त धास्ती वाटते ती एरर न देणाऱ्या क्वेरीची. मुलुंडच्या एका सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब मी पोस्टग्रेसवर बसवून दिला होता. थकबाकीदार काढायला ‘नॉट इन’ (म्हणजे ‘या यादीत नसलेले’) लावून पावत्यांतले फ्लॅट नंबर वगळले. एकही ओळ आली नाही. सगळ्यांनी भरले, असं समजून सेक्रेटरींनी थकबाकीदारांची रिकामी यादी नोटीस बोर्डावर लावली. संध्याकाळी ३०२ मधले काका खाली आले आणि म्हणाले, “अहो, माझे दोन महिने बाकी आहेत.”

एका पावतीवर फ्लॅट नंबर टाकायचाच राहिला होता, तिथे नल होतं, म्हणजे किंमतच भरलेली नव्हती. ३०२ हा नलपेक्षा वेगळा आहे का? डेटाबेस म्हणतो, माहीत नाही. ‘नॉट इन’ला यादीतल्या प्रत्येकाबद्दल ठाम ‘वेगळा आहे’ हवं असतं, त्यामुळे एका नलपायी सगळे थकबाकीदार गळाले. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ (म्हणजे ‘अशी ओळच नाही’) वापरा.

हे मला पोस्टग्रेसच्या मेलिंग लिस्टवर कळलं. आधी मी नुसती क्वेरी टाकून ‘चालत नाही’ लिहिलं होतं. उलट प्रश्न आला: व्हर्जन कोणतं, टेबलाची व्याख्या काय, नमुन्याच्या चार ओळी द्या. रात्री बसून तेवढं केलं, आणि ज्यांना मी आजवर भेटलेलो नाही अशा माणसाने कारणासकट उत्तर दिलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पोस्टग्रेस कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. तिथे टॉम लेन यांच्यासारखे, प्रकल्प सांभाळणाऱ्या कोअर टीममधले लोकही स्वतः उत्तरं लिहितात. मेजर व्हर्जनला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, तेव्हा जुनाट व्हर्जनवर असाल तर आधी अपग्रेड करा.

एरर विचारताना त्याचा कोडही द्या. तुमच्या एररचा ४२७०३ आहे, म्हणजे कॉलम सापडला नाही. मेसेजची भाषा बदलली तरी कोड तोच राहतो, शोधायला सोपं जातं.

तुमच्या दुसऱ्या, हळू चालणाऱ्या क्वेरीबद्दल मात्र एवढ्यावरून सांगता येणार नाही. टेबलाची व्याख्या आणि क्वेरीचा वेळ कुठे गेला ते दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’चं आउटपुट इथे टाका, मी रात्री बघतो.