नाडीवरचं बोट काढ

चि. मुली,

रात्री दोनला पाठवलेला स्मार्ट घड्याळाचा, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख पाहिला. ‘काका, एक ठोका चुकला’ म्हणतेस. चुकला नाही, लवकर आला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातली एखादी जागा पाळीआधीच ठोका देते. हृदय तेव्हा पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो बऱ्याचदा मनगटाला लागतही नाही. मग हृदय जरा थांबतं, तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका छातीत धाडकन बसतो. तू घाबरतेस ती या दुसऱ्याला, आणि तो बिचारा नेहमीचाच!

नाडीवरचं बोट काढ. मोजत बसलीस की भीती, भीतीने अॅड्रेनॅलिन, त्याने आणखी ठोके. पन्नाशीपुढच्या जवळजवळ प्रत्येकाच्या चोवीस तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं यंत्र) असा एखादा ठोका सापडतोच, तरुणांनाही येतात. माझ्या वडिलांनी नातवाच्या मुंजीतही मनगट सोडलं नाही. त्यांना हे कुणी समजावलं नाही, याची हळहळ मला अजून आहे.

तपासणी मात्र टाळायची नाही. ईसीजी, होल्टर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम; डॉक्टर म्हणाले तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप घेत असशील तर सांग. असे ठोके फार असले की घड्याळ त्यांना एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) समजू शकतं, तेव्हा त्याच्या निदानावर रडू नकोस. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा धडधड थांबेचना, तर मला मेसेज नको, थेट रुग्णालय.

कॉफी सोडायची शपथ कशाला? 2023 च्या एका चाचणीत कॉफीच्या दिवशी हे ठोके फारसे वाढले नाहीत; झोप मात्र कमी झाली. म्हणून रात्री अकराची कॉफी बंद. जागरण आणि दारूही.

मलाही हे ठोके आहेत. घरचे म्हणतात, घड्याळ घाला. नाही घालत! ठोके फार असले तर पुढे फिब्रिलेशनचा धोका वाढतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून रक्तदाब सांभाळतो, वेळेवर दाखवून येतो. राखण करायला डॉक्टर आहेत, मी कशाला बसू? याला हट्ट म्हणायचं तर म्हणा. बोट काढलंस का?

होल्टर लावलं की धडधडीची वेळ आणि तेव्हा काय करत होतीस ते कागदावर लिही. आणि अंघोळ आधी उरकून जा, यंत्र असेपर्यंत पाणी चालत नाही.

तुझा काका