'बंप' म्हणजे टक्कर नव्हे, 'बोगी' म्हणजे चूक नव्हे

प्रश्न असा आला आहे: १९०९ साली केंब्रिजला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पत्रांचं भाषांतर चालू आहे. एका पत्रात तो लिहितो की कॉलेजच्या बोटीने चार दिवसांत तीन 'बंप' केले आणि परवा गोल्फमध्ये सलग तीन होल्स 'बोगी'त निघाले. भाषांतरात 'बोटीची तीनदा टक्कर झाली, गोल्फही बिघडला' असं आलं, पण पत्र तर आनंदाने भरलेलं आहे. हे कसं?

मुलगा खरंच आनंदात आहे, कारण दोन्ही बातम्या यशाच्या आहेत.

केंब्रिजची कॅम नदी अरुंद आहे, तिथे कॉलेजांच्या बोटी शेजारी शेजारी पळवता येत नाहीत. म्हणून त्या एकीमागे एक, मध्ये साधारण दीड बोटीचं अंतर ठेवून उभ्या करतात. आठ जण वल्ही सरसावून बसलेले, त्यांच्याकडे तोंड करून कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारा. काठाला जखडलेल्या साखळीचं टोक त्याच्या मुठीत असतं, तोफेचा बार झाला की तो ते सोडतो. मग एकच ध्यास: मागचीने आपल्याला गाठण्याआधी आपण पुढचीला शिवायचं. शिवलं, म्हणजेच 'बंप' केलं, की दोन्ही बोटी काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल करून उभ्या राहतात. असं चार दिवस चालतं. तीन बंप म्हणजे तीन जागा वर. (हे शिवणं नेहमीच हलकं नसे. १८८८ मध्ये त्यात एका वल्हेकऱ्याचा जीव गेला, त्यानंतर बोटींच्या टोकाला रबरी चेंडू बसवू लागले.)

इथे 'टक्कर' चालणार नाही, कारण टक्कर दोघांची होते. 'धडक' घ्या. धडक देणारा एक असतो, बसते ती दुसऱ्याला, आणि बंपमध्ये नेमका हाच भेद मोलाचा आहे. शिवाय 'उपांत्य फेरीत धडक मारली' हे आपण रोज वाचतो. पुढे मुसंडी मारल्याचा अर्थ त्या शब्दात आधीपासून मुरलेला आहे. याहून नेमका शब्द मला तरी सापडत नाही.

एक सूचना: तुम्ही सगळीकडे 'नौकानयन' लिहिलं आहे. त्यात शिडाच्या बोटीही येतात आणि जहाज हाकारणंही. इथे 'वल्ह्यांची शर्यत' लिहिलंत तर चित्र लगेच उभं राहील.

आता बोगी. रेल्वेच्या बोगीशी तिचा संबंध नाही, उच्चार तेवढा एक आहे. ही बोगी म्हणजे बागुलबुवा. १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रत्येक होलला चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत याचा आकडा ठरवून त्याच्याशी सामना खेळायची पद्धत निघाली. कधी न चुकणाऱ्या या अदृश्य प्रतिस्पर्ध्याला ग्रेट यार्मथच्या खेळाडूंनी त्या वेळच्या एका लोकप्रिय गाण्यातल्या बागुलबुवाचं नाव दिलं. पुढे गॉसपोर्टच्या लष्करी क्लबात सगळेच हुद्देवाले, म्हणून त्यालाही बढती मिळून तो कर्नल बोगी झाला. तेव्हा १९०९ च्या इंग्लंडमध्ये होल बोगीत काढणं म्हणजे या कर्नलशी बरोबरी करणं.

आजचा 'पारपेक्षा (निष्णात खेळाडूला होलला लागावेत अशा फटक्यांपेक्षा) एक फटका जास्त' हा अर्थ अमेरिकेतून आला. रबरी गाभ्याचा नवा चेंडू लांब जाऊ लागला, कमी फटक्यांत काम भागू लागलं. १९११ मध्ये तिथल्या गोल्फ संघटनेने होलच्या लांबीवरून पार ठरवून दिला. इंग्लंडमधल्या बोगीचे आकडे मात्र बऱ्याच ठिकाणी जुनेच राहिले, आणि पुष्कळदा ते पारपेक्षा एकाने जास्त भरत. अमेरिकेत त्या एक जास्तीलाच बोगी म्हणू लागले. आजचा शब्दकोश हाच अर्थ आधी दाखवतो, म्हणून घोटाळा झाला.

माझ्या मते वाक्य असं करावं: 'आमच्या बोटीने चार दिवसांत तीन धडका देऊन तीन जागा वर मारल्या, आणि परवा गोल्फमध्ये सलग तीन होल्सना मी कर्नल बोगीशी बरोबरी केली.' कर्नल कोण, हे तळटीपेत एका ओळीत सांगा. त्याला मजकुरातून मात्र काढू नका.