नवरदेवाचं हसू पुसा

विचारा पेंटरकाकांना

प्रश्न : पेंटरकाका, नमस्कार. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही कॉलेजच्या १४ जणांनी मिळून २२ मिनिटांची विनोदी फिल्म केली, ‘नवरदेव बांधीत’. लग्नाला निघालेल्या नवरदेवाची मोटरसायकल उन्हाळी धानाच्या बांधीत, म्हणजे चिखलाच्या वावरात, जाते आणि मुहूर्त गाठण्यासाठी तो काय काय करतो, त्याची गोष्ट. पुढच्या महिन्यात ती कॉलेजच्या हॉलमध्ये आणि नंतर गावच्या समाजमंदिरात दाखवायची आहे. पोस्टर माझ्याकडे आलं. मी दोन करून पाहिली. एकात सगळ्यांचे फोटो गोल-गोल लावले, तर सर म्हणाले, वाढदिवसाचा फ्लेक्स वाटतो. दुसऱ्यात नवरदेव तोंड उघडून हसतो आहे, मागे पिवळ्या ठिणग्या, वर ‘धमाल विनोदी’. ते पाहून कोणीच हसलं नाही. कोणाला वगळलं तर मुलं रुसतील. फिल्ममधलंच एखादं दृश्य थांबवून फोटो घेऊ का? आमच्याजवळ १५०० रुपये आहेत. दोन्ही पोस्टरं सोबत पाठवते.

उत्तर : पोरी, दोन्ही पोस्टरं टेबलावर शेजारी ठेवून पाहिली. दुसऱ्यातल्या नवरदेवाचं हसू आधी पुसून टाक. बाकीचं त्यानंतर.

मी वडसा गावी हात बसवला तो नाटकांच्या बोर्डांवर. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट सुरू झाले की आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात, हे तुला सांगायला नको. एका विनोदी नाटकाचा कापडी बोर्ड उस्तादांनी मला एकट्याला दिला. सासऱ्याच्या दारात जोडा हरवलेला जावई काढायचा होता. मी त्याला बत्तीस दात दिले. पांढऱ्यात कणभर निळा मिसळून एकेक दात चमकवला. उस्ताद चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले, “हा काहून हासते बे? याचा जोडा गेला ना! हासू पाह्यनाऱ्याले आलं पायजे.” मग मी रॉकेलचा बोळा घेऊन दात पुसले, ओठ मिटवले, भुवया जराशा वर नेल्या आणि नजर उघड्या पायाकडे वळवली. दुसऱ्या दिवशी बोर्ड चौकात लागला. पानठेल्यावरची माणसं जावयाकडे बोट दाखवून एकमेकांना कोपर मारत होती.

तुझ्या नवरदेवाचं तेच आहे. तो संकटात आहे, त्याला हसायला वेळ कुठला? तो जितका गंभीर, तितकं पाहणाऱ्याला हसू येईल. ‘धमाल विनोदी’ हे शब्दही काढ. जेवणाऱ्याला आपण भाजी तिखट आहे म्हणून सांगत नाही, त्याला घास घेऊ देतो.

आता चित्र कोणतं, ते सांगतो. तुझ्याच गोष्टीत पडलं आहे. नवरदेव बांधीच्या मधोमध, गुडघ्यापर्यंत चिखलात. डोक्याला बाशिंग, अंगावर स्वच्छ कुर्ता, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात एकच जोडा. नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. मोटरसायकल दाखवू नको, फार तर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे तिचं हँडल दिसू दे. कुर्ता कमरेच्या वर अगदी कोरा ठेव आणि खाली चिखलच चिखल. या एका रेषेवर सगळं पोस्टर उभं आहे, म्हणून त्या दिवशी दुसरा धुतलेला कुर्ता सोबत ने.

फिल्ममधलं दृश्य थांबवून फोटो घेऊ नको. फुल एचडी व्हिडिओची चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची असते, आणि तीही आडवी. उभ्या पोस्टरसाठी ती कापली की उंचीला १०८० च उरतात. १८ इंच उंचीच्या कागदावर इंचाला ६० पिक्सेल पडतात, आणि जवळून पाहायच्या छपाईला ३०० च्या आसपास लागतात. फोटो फाटणारच. त्यापेक्षा मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यानं नवा फोटो काढ. साधा १२ मेगापिक्सेलचा कॅमेराही सुमारे ४००० बाय ३००० चा फोटो देतो, तेवढ्यात काम होतं. सकाळी सात-साडेसातला जा, दुपारच्या उन्हात बाशिंगाची सावली डोळ्यांवर येते. धुऱ्यावर बसून, कॅमेरा नवरदेवाच्या कमरेच्या उंचीला धर. डोक्यावर तिसरा हिस्सा आभाळ मोकळं सोड, नाव तिथे बसेल. तीस-चाळीस फोटो काढ, त्यातला एक निघतो. आणि तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नको, तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव.

चौदा जणांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्यात पोरांचा जीव आहे. रात्र-रात्र जागलेल्या मुलाला आपलं नाव दिसलं पाहिजे, हे मी मानतो. पण नाव आणि तोंड या दोन गोष्टी आहेत. तोंड एकट्या नवरदेवाचं, नावं चौदाही. आणि लग्नाची गोष्ट आहे, तर पोस्टर लग्नपत्रिकाच का करत नाहीस? आपल्याकडच्या पत्रिकेत सगळ्यांसाठी जागा असते. वर ‘आग्रहाचे निमंत्रण’. मधे फोटो. फोटोखाली एकच ओळ : ‘शुभमुहूर्त सकाळी ११ वाजून २७ मिनिटे’. चिखलातला माणूस आणि त्याच्या खाली हा मिनिटामिनिटाचा मुहूर्त, यापुढे एक शब्दही जोडू नको. तळाला ‘विनीत’मध्ये दिग्दर्शक आणि लेखक, ‘स्वागतोत्सुक’मध्ये कलाकार, ‘व्यवस्थापक’मध्ये कॅमेरा, आवाज, संकलन. सगळ्यात लहान मुलं ‘किलबिल’मध्ये. ज्यानं चहा आणला त्याचंही नाव येईल आणि ते वाचतानाही माणूस हसेल. रुसायला कोणी उरणार नाही.

मात्र खेळाची तारीख, वेळ आणि जागा या तीन गोष्टींत गंमत करू नको. मुहूर्ताची वेळ आणि खेळाची वेळ यांत लोकांचा घोटाळा होईल, म्हणून खेळाची माहिती वेगळ्या पट्टीत, हळदीच्या पिवळ्यावर काळ्या अक्षरांत, मुहूर्ताच्या दुप्पट मोठी घे. फिल्मचं नाव त्याहून मोठं. हिरव्या धानावर लाल अक्षर टाकू नको. पत्रिका लाल असते म्हणून मोह होईल, पण लांबून ते अक्षर काळपट होऊन धानात बुडतं. आभाळावर गडद लाल चालेल.

पैशाचं असं कर. डिजिटल छपाईवाल्याकडे १२ बाय १८ इंचाचा कागद मिळतो. त्यावर वीसेक प्रती काढ. तेच माप वाढवलं की ४ बाय ६ फुटांचा फ्लेक्स बरोबर बसतो, मांडणी हलवावी लागत नाही. फ्लेक्स चौरस फुटावर मोजतात, म्हणजे तुझा २४ फूट. तो दहा-पंधरा फुटांवरून पाहायचा असतो, म्हणून त्याला इंचाला कागदापेक्षा बरेच कमी पिक्सेल पुरतात. एकच फ्लेक्स काढ आणि समाजमंदिराच्या चौकात ग्रामपंचायतीला विचारून लाव. भाव गावागावात वेगळे आहेत, पण १५०० मध्ये हे बसायला हरकत नाही. कागदाच्या चारही कडांना रंग ३ मिलिमीटर बाहेर जाऊ दे, नाहीतर कापताना पांढरी चिरी राहते.

सगळ्या प्रती छापण्याआधी एकच काढ आणि एसटी स्टँडवर तुला न ओळखणाऱ्या आजीबाईंसमोर दहा पावलांवर धर. खेळ कधी आहे ते त्यांना विचार. सांगता आलं नाही तर अक्षर वाढव. फिल्म कशाची आहे, हे मात्र विचारू नको. चेहरा पाहा फक्त.

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यातला. आमच्या नाटुकल्याचं पोस्टर मोबाईलवर नीट दिसत होतं, छापून आलं तर ‘विनोदी’चं ‘वनिोदी’ झालं होतं. दुकानदार म्हणतो, तुमचीच चूक. खरं काय?

उत्तर : भाऊ, हे दुखणं मी रोज पाहतो. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिता, म्हणजे सगळ्या फोनवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरखुणांत. दुकानातली श्रीलिपी किंवा कृतीदेवसारखी जुनी अक्षरं स्वतःच्या वेगळ्या खुणांवर चालतात, त्यात युनिकोड मजकूर चिकटवला तर वाचताच येत नाही. तुमचं अक्षर वाचता येतं, फक्त वेलांटी एक घर पुढं गेली. म्हणजे फाईल अशा सॉफ्टवेअरमध्ये उघडली, जिथं देवनागरीची जोडणी चालू नव्हती. जुन्या फोटोशॉपमध्ये असेल तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये वर्ल्ड-रेडी मांडणी निवडायला सांगा. तुम्ही स्वतः करत असाल तर ‘एक टाइप’ या संस्थेची मुक्ता किंवा बालू ही अक्षरं घ्या, दोन्ही फुकट आणि युनिकोडमधली आहेत. बालू जाड, गोलसर आहे, विनोदी नाटकाला शोभते. मजकूर पक्का झाला की अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं रेषांचं चित्र करून, पीडीएफ द्या, मग दुकानात ती हलत नाहीत. पण कर्व्ह केल्यावर चूक सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवा.

छापण्याआधी नमुना हातात घेऊन ‘विनोदी’, ‘दिग्दर्शक’ आणि ‘निर्मिती’ हे तीन शब्द पहिल्यांदा पाहा. वेलांटी, जोडाक्षर किंवा रफार बिघडला असेल तर तो तिथेच दिसतो.