इंजिन घेण्याआधी फायरबॉक्समध्ये शिर

ठाणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे सतरा फोटो पाहिले. बंद साखर कारखान्याच्या आवारात उभं असलेलं नॅरोगेजचं टँक इंजिन, विकायला तयार असलेला मालक आणि रबाळ्याला मिळू शकणारा एक रिकामा गाळा, एवढं जुळून आल्यावर झोप लागत नसेल हे समजू शकतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ज्या गावी येऊन थांबली, त्या गावच्या मुलाला वाफेचं वेड लागावं यात नवल नाही.

पण सतराही फोटो बाहेरून काढलेले आहेत. फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटते त्या पेटीच्या, आतला एकही नाही, स्मोकबॉक्सचं (चिमणीखालच्या धुराच्या पेटीचं) दार उघडूनही एकही नाही. म्हणून आधी एवढंच सांगतो: आतून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. चाकं, रॉड, सिलिंडर, ब्रेक यातलं काहीही बिघडलेलं असलं तरी आपल्याकडच्या कारखान्यांत पुन्हा घडवता येतं. बॉयलर गेलेला असेल तर तू इंजिन विकत घेत नाहीस, भंगार घेतोस आणि वर नव्या बॉयलरचा खर्च अंगावर घेतोस. त्यामुळे व्यवहार होईल की नाही हे बॉयलरने ठरवायचं.

आत शिरण्याआधी एक खबरदारी. बरीच वर्षं बंद असलेल्या बॉयलरमध्ये गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. फायरहोलचं (कोळसा टाकायच्या तोंडाचं) दार, स्मोकबॉक्सचं दार आणि आतून धुण्यासाठी ठेवलेली बुचं, म्हणजे वॉशआउट प्लग, सगळी उघडून ब्लोअरने हवा खेळवायची. आत 24 व्होल्टचाच दिवा न्यायचा आणि बाहेर एक माणूस पूर्ण वेळ उभा ठेवायचा. बॉयलरभोवतीच्या पत्र्याखाली राखाडी-पांढरं, तंतूंचं लिंपण किंवा दोरी दिसली तर ते अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालायचं. नमुना प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत त्याला ब्रश, ग्राइंडर किंवा हवेचा झोत लावायचा नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच निघालं तर काढायचं काम त्यातल्या जाणकारांकडे सोपव.

आता कागद. रेल्वेच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या लोको बॉयलरना बॉयलर कायदा लागू होत नाही, पण तुझ्या मालकीच्या बॉयलरला होतो. 1923 च्या कायद्याची जागा आता 2025 च्या कायद्याने घेतली आहे. आपल्या राज्यात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे. मालकाकडे नोंदणी क्रमांक आणि तपासणीची जुनी वही माग. क्रमांक बॉयलरवर कोरलेला असतो, तो कागदाशी ताडून बघ. वहीत शेवटचा मंजूर दाब, बदललेल्या ट्यूब (आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्या) आणि आधीच्या दुरुस्त्या लिहिलेल्या सापडतात. वही असेल तर निम्मं काम सोपं होतं. आणि परवानगीशिवाय बॉयलरच्या कोणत्याही भागावर वेल्डिंग करायचं नाही, एक टाकासुद्धा नाही. आधी तपासणी, मग दुरुस्तीचा प्रस्ताव, मंजुरी, आणि त्यानंतर मान्यताप्राप्त दुरुस्तीवाला व प्रमाणित वेल्डर. हा क्रम मोडला तर उत्तम झालेलं कामही नामंजूर होऊ शकतं.

खरी गंमत जाडी मोजण्यात आहे, तिथे जरा रेंगाळतो. ट्यूब काढल्या, आतली खपली आणि गाळ साफ झाला की अल्ट्रासॉनिक मीटरने प्लेट मोजून घे. बॅरलवर, म्हणजे बॉयलरच्या नळकांड्यासारख्या गोल भागावर, 150 मिमीच्या चौकटी खडूने आखायच्या आणि प्रत्येक चौकटीतला आकडा कागदावरच्या नकाशात भरायचा. चार जागी चौकट 50 मिमीची कर: बॅरलचा तळ, पाण्याची नेहमीची रेषा, फाउंडेशन रिंगच्या (फायरबॉक्सच्या तळाशी दोन्ही प्लेटा जोडणाऱ्या चौकटीच्या) लगेच वरचा पट्टा आणि वळवलेल्या प्लेटांच्या आतल्या वळणाची जागा. तळाशी आणि रिंगवर गाळ बसतो, त्याखाली गंज वाढतो. वळणावर वेगळंच घडतं. बॉयलर तापला-निवाला की प्लेट श्वास घेतल्यासारखी हलते आणि त्या वळणात बारीक, लांब चर पडत जाते. मीटरचा प्रोब वळणावर नीट बसत नाही म्हणून ही चर आकड्यांत सापडत नाही. ती आरसा आणि टॉर्च घेऊन डोळ्यांनी शोधायची, मग डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून खात्री करायची.

स्मोकबॉक्सचा तळ आपल्या हवेत हमखास गेलेला असतो. काजळीत गंधक असतं, पावसाळी दमट हवेने ते ओलं झालं की त्याचं आम्ल होतं. तो तळ बदलणं स्वस्त आहे, त्याला घाबरू नकोस. पण तेच आम्ल ट्यूबप्लेटच्या (ट्यूबची टोकं ज्या भोकांत बसतात त्या प्लेटच्या) खालच्या भागालाही लागलेलं असतं. तिथे पत्रा खरवडून स्वच्छ केल्याशिवाय मत बनवू नकोस.

आकड्यांचा अर्थ कसा लावायचा ते एका उदाहरणाने सांगतो. बॅरलचा व्यास 1000 मिमी, प्लेट मुळात 12.5 मिमी, पोलादाची ताणशक्ती 430 मेगापास्कल, सुरक्षा गुणांक 5, आणि रिव्हेटच्या उभ्या जोडाची कार्यक्षमता (सलग प्लेटच्या तुलनेत जोडाची ताकद) 0.75 धर. सूत्र सोपं आहे: दोन गुणिले जाडी, गुणिले ताणशक्ती, गुणिले जोडाची कार्यक्षमता, भागिले व्यास आणि सुरक्षा गुणांक. उत्तर येतं 1.61 मेगापास्कल, म्हणजे सुमारे 16.4 किलो प्रति चौरस सेंमी. आता प्लेट झिजून 9 मिमी झाली असं समज. झीज जोडाच्या ओळीत असेल तर दाब 11.8 वर येतो. तीच झीज जोडापासून लांब, सलग प्लेटमध्ये असेल तर तिथे जोडाचा गुणक लागत नाही आणि हिशोब 15.8 चा निघतो. म्हणजे 9 हा आकडा एकच, पण एका जागी तो बॉयलरचा दाब चौथ्या हिश्शाहून जास्त खाली आणतो आणि दुसऱ्या जागी जेमतेम जाणवतो. म्हणून ‘प्लेट किती उरली’ या प्रश्नासोबत ‘कुठे’ हा प्रश्न विचारायचाच. हा हिशोब अंदाजासाठी आहे. मंजूर दाब भारतीय बॉयलर विनियम, 1950 प्रमाणे निरीक्षकच ठरवेल. पण तो येण्याआधी तुझ्या हातात हा नकाशा असला की बोलणं मुद्द्याचं होतं.

मग स्टे. फायरबॉक्सच्या आतल्या आणि बाहेरच्या प्लेटा एकमेकींना बांधून ठेवणारे हे शेकडो छोटे दांडे. 100 मिमी अंतरावर स्टे असतील आणि दाब 10 किलो प्रति चौरस सेंमी असेल, तर प्रत्येक स्टेवर सुमारे एक टन ओढ असते. 22 मिमीचा स्टे पाण्याच्या बाजूने झिजून 16 मिमी झाला तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं होतं आणि ताण दुप्पट. एक तुटला की त्याचं ओझं शेजारच्यांवर जातं, म्हणून तुटलेले स्टे अनेकदा घोळक्यानेच सापडतात. फायरबॉक्सच्या वरच्या कोपऱ्यांत आधी बघ, प्लेटांची हालचाल तिथे जास्त.

तपासायची पद्धत जुनीच आहे आणि अजून तिला तोड नाही. अर्ध्या किलोची हातोडी घ्यायची, बाहेरून दुसऱ्या माणसाने स्टेच्या डोक्यावर जड लोखंड टेकवून धरायचं आणि आतून ठोकत जायचं. शाबूत स्टे खणखणतो आणि हातोडी परत उडवतो. तुटलेला बद्द वाजतो, हातोडी तिथेच मरते. शंभरेक ठोकल्यावर कानाआधी मनगटाला कळायला लागतं. काही स्टेंना मधोमध बारीक भोक असतं. त्या भोकातून खाली उतरलेली पांढरी रेघ दिसली तर तो स्टे आत तडकलाय, ठोकायचीही गरज नाही. आणि भोक कोणी खिळा ठोकून किंवा वेल्डने बुजवलेलं दिसलं, तर विकणाऱ्याच्या बाकी सगळ्या बोलण्याकडेही त्याच नजरेने बघ.

अशीच पांढरी रेघ रिव्हेटच्या जोडावर दिसली तर तिला पुसून पुढे जाऊ नकोस. गळतीतून पाणी उडून जातं, अल्कली जोडाच्या फटीत साठत जाते आणि रिव्हेटच्या भोकांभोवती पोलाद ठिसूळ होऊन तडे जातात. वरून वेल्डचा थर मारून गळती बंद करण्याचा मोह इथे अतिशय घातक आहे. गळती दिसेनाशी होते, तडे वाढत राहतात. जुन्या पोलादात गंधक-फॉस्फरसही जास्त असू शकतं, त्यामुळे वेल्डिंगचा विचार करण्याआधी रासायनिक पृथक्करण करून घे. वागळे इस्टेट ते महापे-तळोजा या पट्ट्यात प्रेशर व्हेसल (दाबाच्या टाक्या) बनवणारे आणि एनडीटी, म्हणजे न तोडता तपासणी, करणारे भरपूर आहेत, पण रिव्हेटच्या बॉयलरची सवय त्यातल्या थोड्यांनाच. विचारूनच काम दे. प्लेट कळंबोलीच्या लोखंड बाजारातून घ्यायची झाली तरी बॉयलर दर्जाची, आणि टीसीवरचा (कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्रावरचा) हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, प्लेटवरच्या ठशाशी जुळवून.

ट्यूब सगळ्या नव्याच घालायच्या, जुन्या वाचवायच्या नाहीत. आयबीआर (वर सांगितलेले बॉयलर विनियम) प्रमाणपत्राच्या, सीमलेस म्हणजे बिनजोडाच्या. ट्यूबप्लेटची भोकं आणि ट्यूबची टोकं चकचकीत घासून घे, उभा ओरखडा राहिला तर तिथूनच गळणार. ट्यूबचं टोक आतून फुगवून भोकात घट्ट बसवणारा एक्सपांडर फिरवताना ट्यूबची भिंत 5 ते 8 टक्के पातळ होईल इतकंच दाबायचं. गळतंय म्हणून आणखी, अजून आणखी असं करत गेलास तर दोन भोकांमधला प्लेटचा अरुंद पूल ताणला जातो आणि शेजारची ट्यूब सुटते. ओळीने करू नकोस, मध्यापासून सुरू करून आलटून-पालटून बाहेर जा.

जलदाब चाचणी साधारण कार्यदाबाच्या दीडपट होते, नेमका आकडा निरीक्षकाचा. बॉयलर काठोकाठ भरून वरच्या प्लगमधून सगळी हवा काढायची. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. आत हवा राहिली आणि काही फुटलं तर ती स्प्रिंगसारखी सुटते. याच कारणाने हवेने चाचणी कधीही करायची नाही. ठाण्यात एक खास घोळ होतो: जुलैत रात्रभर गार झालेलं पाणी भरलं की प्लेटांना बाहेरून घाम येतो आणि शंभर ठिकाणी गळती असल्यासारखं वाटतं. पाणी कोमट घे, प्लेट पुसून खडूची पूड मार, मग खरा थेंब लपत नाही.

खालच्या भागाबद्दल थोडक्यात. अ‍ॅक्सल आणि क्रँकपिन (चाकावरची, रॉड अडकवायची खुंटी) यांची अल्ट्रासॉनिक व मॅग्नेटिक तपासणी, अ‍ॅक्सलबॉक्सचा व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू) नवा, आणि डाव्या-उजव्या क्रँकपिनमधला 90 अंशाचा कोन सगळ्या चाकांवर एकसारखा. त्यात फरक असेल तर चाकांना एकमेकांशी जोडणारा कपलिंग रॉड प्रत्येक फेऱ्यात ओढ खातो आणि त्याचा बुश (खुंटीभोवतीचं कडं) तापतो. उचलताना पट्टे फ्रेमला लावायचे, बॉयलरला किंवा स्मोकबॉक्सला नाही. हायड्रा क्रेनवाला ‘होईल साहेब’ म्हणेल, पण बूम (क्रेनचा हात) लांब केल्यावर त्याची क्षमता किती उरते तो तक्ता बघितल्याशिवाय हुक लावू देऊ नकोस. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आत्ताच मोजून ठेव: नेरळ-माथेरानसारखा 610 मिमी की 762, त्यावर पुढे रूळ कुठले मिळतील ते ठरेल. इंजिन चालवायचं तर स्वतःच्या जागेत स्वतःचा रूळ लागेल. गाळ्यात फक्त दुरुस्ती होईल. कोळसा पेटवायची जागा ठरवताना प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी विचार.

पहिल्यांदा पेटवशील तेव्हा घाई नको. पहिल्या दिवशी नुसती लाकडं, पाणी कोमट होईपर्यंत, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी हळूहळू दाब. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा, म्हणजे गेज ग्लास, दोन्ही धुऊन बघ, दोन्हींत पाणी एकाच उंचीवर यायला हवं. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे इंजेक्टर दोन्ही चालतात याची खात्री झाल्याशिवाय आग वाढवायची नाही. फायरबॉक्सच्या छतातला शिशाचा प्लग नवा असू दे; पाणी कमी पडलं की तो वितळून इशारा देतो. शिसं 327 अंशांना वितळतं, 10 किलोच्या वाफेचं तापमान सुमारे 183 असतं, म्हणजे त्याच्या डोक्यावर पाणी आहे तोवर तो सुरक्षित. पण त्यावर खपली बसली तर तो वितळूनही वेळेवर वाट देत नाही. शेवटी आग पूर्ण पेटवून, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद ठेवून सेफ्टी व्हॉल्व्ह उघडू द्यायचे. दाब मंजूर आकड्याच्या 10 टक्क्यांहून वर चढता कामा नये. चढला तर व्हॉल्व्ह लहान आहेत किंवा अडकताहेत. बॉयलरजवळ प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट हवाच. ते प्रमाणपत्र तू स्वतः मिळवावंस असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचं एक. आपल्याकडचं धरणाचं पाणी मऊ, खपली कमी धरतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण त्यात विरघळलेला ऑक्सिजन प्लेटला सुईने टोचल्यासारखे खड्डे पाडतो. पीएच 10.5 ते 11.5 मध्ये ठेव, ऑक्सिजन मारायला सोडियम सल्फाइट वापर, आणि रोजचे आकडे वहीत लिही.

पावसाळ्यात इंजिन उभं राहणार असेल तर अर्धवट पाणी कधीच ठेवू नकोस. पूर्ण रिकामं कर, कोमट असताना सगळे प्लग काढून सुकव, आत सिलिका जेलची ताटं ठेव आणि प्लग, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर घट्ट बंद कर. काजळी आणि राख त्याआधी झाडून काढ, चिमणीवर झाकण बसव. ताटं दर पंधरा दिवसांनी उघडून बघ. निळं जेल गुलाबी झालं असेल तर भट्टीत सुकवून परत ठेव. दुसऱ्यांदाही लगेच गुलाबी झालं तर कुठला तरी व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही, तो शोध.

कारखान्यात जाशील तेव्हा हातोडी, आरसा, टॉर्च आणि मीटर घेऊन जा, आणि मला फायरबॉक्सच्या आतले फोटो पाठव.

तुझा,
एक वाफवेडा