एकच रिपॉझिटरी सगळ्या टेबलांना, मग रिपोर्ट का अडते?

प्रश्न : सर, मी कळमना मार्केटमधल्या एका संत्रा अडत्यासाठी आवक-हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवून राहिलो, सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटाबेसशी बोलणारं एंटिटी फ्रेमवर्क कोअर वापरून. सगळ्या टेबलांना मिळून एकच जेनेरिक रिपॉझिटरी (डेटा आणायचा-ठेवायचा सामाईक क्लास) केली, त्यातली फाइंड मेथड अट फंक, म्हणजे फंक्शन, म्हणून घेते. सीझनची आवक भरली तसा रिपोर्ट उघडायला लय वेळ लागते. एका ठिकाणी डॅपर ही डेटाबेस वाचायची दुसरी लायब्ररी वापरली तर ती डायनॅमिक, म्हणजे टाइप न ठरलेला रिझल्ट, देते. रिपॉझिटरी काढूनच टाकू का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : थांबा भाऊ, काढू नका, गडबड त्या फंकमध्ये आहे. फंक म्हणजे कंपाइल झालेला कोड, त्याचं एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) बनत नाही, मग आख्खं टेबल मेमरीत येते आणि गाळणी तिथं लागते, म्हणजे एका शेतकऱ्याचा हिशोब पाहायला पूर्ण यार्डातला माल दुकानात उतरवल्यासारखं. तिथं एक्स्प्रेशन ऑफ फंक घ्या, त्यात अटीचं वर्णन राहते, म्हणून त्याचं एसक्यूएल बनते. बोलावणारा कोड बहुतेक तसाच राहते. नंतर लॉगमध्ये एसक्यूएल छापून पहाच, त्यात व्हेअर, म्हणजे तुमची अट, दिसला पाहिजे.

रिपोर्टचं वेगळं आहे. तिथं शेतकऱ्याचं नाव, क्रेट आणि एकूण वजन एवढंच लागते, पूर्ण एंटिटी (टेबलाची आख्खी ओळ) कशाला आणता? तीन फील्डचा छोटा रेकॉर्ड करा, ग्रुप बाय करून सिलेक्टमध्ये तोच भरा, बेरीज डेटाबेसच करते आणि असा रेकॉर्ड बदलांवर नजर ठेवणाऱ्या ट्रॅकिंगमध्येही जात नाही. ही मेथड जेनेरिकमध्ये कोंबू नका, आवकेच्या स्वतःच्या क्लासात ठेवा आणि तिच्यातून तयार लिस्टच बाहेर द्या. आयडीवरून आणणं, सेव्ह, डिलीट खुशाल जेनेरिकमध्ये राहू द्या.

डॅपरच्या डायनॅमिकवर मात्र मला खरंच भरवसा नाही, कॉलमचं नाव चुकलं तरी कंपायलर चूप, आणि हा कोणाच्या तरी मालाच्या पैशाचा हिशोब आहे. टाइप दिला तरी साध्या क्लासात नाव जुळलं नाही तर वजन गुपचूप शून्य राहते. म्हणून कन्स्ट्रक्टरवाला (बनतानाच सगळी फील्ड मागणारा) रेकॉर्ड द्या, कॉलमची नावं, क्रम, टाइप जुळले नाही तर तो पहिल्याच रनला एरर देते. आणि तुम्ही एंटिटी फ्रेमवर्क कोअर 8 वर असाल, 2023 चं, तर त्यातली एसक्यूएल क्वेरी ही मेथड थेट तुमच्या रेकॉर्डमध्ये रिझल्ट भरते, या एका रिपोर्टसाठी डॅपर ठेवायची गरजच नाही.