मुळं बाहेर नेऊ नका, चाचणी घानातच करा

नमस्कार. मलेरियाच्या चाचणीसाठी क्रिप्टोलेपिस या औषधी वेलीची मुळं घानाबाहेर न्यायची परवानगी अडकलीय, तोवर बाजारातली पूड वापरू का, असं विचारलंय तुम्ही. पूड अजिबात वापरू नका. ती कुठल्या वेलीची, कधी खणलेली, काही पत्ता नसतो, आणि हर्बेरियमचा नमुना (ओळख पटवायला वाळवून जपलेली फांदी) नसेल तर पुढे निष्कर्ष कुणी मानत नाही.

माझीही मुळं तिथल्याच एका कार्यालयात अडकली होती, नाव घेत नाही. आधी वैद्याची संमती मागितली. ती दिली, तर गावप्रमुखाची सही हवी. सही आणली, तर फाइल दुसऱ्या खात्यात. काय काय लागतं ते एकदाच लिहून द्या म्हटलं, तेही दिलं नाही. परवानगी हवीच, वनस्पती आणि ज्ञान ज्यांचं त्यांनाही फायद्यात वाटा मिळावा म्हणून झालेला नागोया करार त्यासाठीच आहे, पण असं झुलवत ठेवण्यात त्या वैद्याचं काय भलं झालं? पावसाळ्यात पोतं उघडलं तर पिवळ्या मुळांवर करडी बुरशी आणि कुबट वास. अजून राग येतो.

म्हणून सांगतो, तिथल्याच लोकांना सोबत घ्या. घानातल्या माम्पाँग-अक्वापेमचं वनौषधी संशोधन केंद्र १९७५ पासून आहे. आणि अर्क आधी वैद्य करतो तसा, पाण्यात उकळूनच काढा. लोक काढा पितात, प्रयोगशाळेतलं मेथेनॉल नाही.

नुसत्या आयसी-५० च्या (परजीवीची वाढ निम्म्यावर आणणाऱ्या मात्रेच्या) आकड्यावर खूश होऊ नका. या मुळातलं मुख्य द्रव्य क्रिप्टोलेपिन डीएनएत शिरतं, माणसाच्या पेशीही मारतं, तेव्हा व्हेरो पेशींवरची (माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पेशींवरची) विषारीपणाची चाचणी सोबतच लावा. दुसऱ्या कुठल्या झाडाच्या अर्कात सॅपोनिन (साबणासारखं फेसाळणारं द्रव्य) असेल, तर तांबड्या पेशीच फुटतात आणि परजीवी औषधाने मेल्यासारखा वाटतो. संसर्ग नसलेल्या तांबड्या पेशींत तोच अर्क घाला. वरचं द्रावण लाल झालं की तो आकडा बाद.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात याउलट, प्रयोगशाळेच्या आधी घरोघरी विचारलं, काय घेतलं आणि बरं वाटलं का. त्यातून पिवळ्या धोत्र्याचा काढा पुढे आला. नंतरच्या चाचणीत ८९ टक्के रुग्णांना २८ दिवसांत दुसरं औषध लागलं नाही. आर्टेसुनेट-अमोडियाक्विन हे मलेरियाचं नेहमीचं औषध घेतलेल्यांत ९५ टक्के. हाच धोत्रा आपल्याकडे पडीक रानात उगवतो. त्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली. तेव्हा झाडाचा कुठला भाग, हे प्रत्येक बाटलीवर लिहा.

माझा अनुभव जुना आहे, नियम बदलले असतील, तिथे विचारूनच घ्या. आणि हे सगळं प्रयोगशाळेपुरतं. कुणाला ताप आला तर आधी रक्त तपासा, डॉक्टरांकडे न्या.